तीनशे पाचमधले शून्य

बाई,

तुम्हाला पत्र लिहावे एवढी माझी योग्यता नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. तुमच्या हयातीत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. दहावीला केंद्रात पहिली आले तेव्हा पेढे घेऊन यायचे ठरवले होते, ते राहिले. शिक्षिका व्हायचे नक्की झाले तेव्हा पत्रासाठी चांगला कागद आणला, तो वहीत तसाच पिवळा पडला. तुम्ही गेलात हे आईने फोनवर सांगितले आणि मी परीक्षेचे कारण सांगून आले नाही. परीक्षा खरोखरच होती, पण कारण ते नव्हते. तुमच्या दारात मला एक मुलगी भेटेल, अशी भीती मला वाटत होती. ती मुलगी कोण, हे तुम्ही कदाचित विसरला असाल. मी विसरलेली नाही, आणि तिच्याविषयी लिहायचे म्हणूनच हे सारे धाडस आहे.

मी आता तुमच्यासारखीच प्राथमिक शिक्षिका आहे. शाळा खोडदच्या बाजूला, दोन शिक्षकी. माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकत्र, बावीस मुले. वर्गाच्या खिडकीतून रेडिओ दुर्बिणीच्या दोन मोठ्या तबकड्या दिसतात. त्या वळू लागल्या की मुले फळा सोडून तिकडे बघतात आणि मी त्यांना दटावते, तेव्हा माझ्या तोंडून तुमचाच आवाज बाहेर पडतो. भोवती ऊस आहे, उसात बिबट्या आहे, म्हणून शाळा सुटायच्या वेळी आयाबाया काठ्या घेऊन मुलांना न्यायला फाटकाशी उभ्या असतात. मलाही त्या वाटेने जाताना धडकी भरते. पण खरे सांगायचे तर या वर्षी मला बिबट्यापेक्षा अधिक भीती वाटली ती माझ्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या एका बाईंची.

त्यांना मी मॅडम म्हणते. शिक्षकांचे वर्ग बघायचे आणि त्यांना शिकवण्यात मदत करायची, हे त्यांचे काम. जुन्नरच्या पेठेत त्यांच्या वडिलांचे बांगड्यांचे दुकान होते. स्वतः त्या वीस वर्षे वर्गावर उभ्या राहिलेल्या आहेत. तुमच्या वेळी तपासणीला साहेब येत, ते फळ्याजवळच्या खुर्चीत आमच्याकडे तोंड करून बसत आणि आम्ही त्यांच्या बुटांकडे बघत असू. मॅडमना मी खुर्ची पुसून दिली तर त्या म्हणाल्या, "राहू द्या. तिथनं फकस्त तुम्ही दिसता." चपला दाराशी काढून त्या सर्वांत मागे, मुलांच्या सतरंजीवर जाऊन बसल्या आणि मांडीवर एक कोरा कागद घेतला. मी फळ्याकडे वळले. खडू दोनदा मोडला. पाठाचे टाचण मी तीन वेळा लिहून काढले होते, म्हणून बोलत तरी राहिले. तीनशे पाच ही संख्या, तिच्यातले शतक, दशक, एकक, आणि दशकाच्या घरातले शून्य. शेवटी मी विचारले, "समजलं का सगळ्यांना?" आणि बावीस गळ्यांतून एकदम आले, "होऽऽ बाई!" तो होकार ऐकून माझ्या जिवात जीव आला. पाठ उत्तम झाला, असे मला वाटले.

मधल्या सुट्टीत मॅडम मला खिचडी शिजवायच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे आमच्या स्वयंपाकाच्या मावशी दुसऱ्या दिवसाची डाळ निवडत बसल्या होत्या.

"आज किती पोरांशी बोललात?" मॅडमनी विचारले.

"सगळ्यांशी," मी म्हणाले.

त्यांनी तो मांडीवरचा कागद माझ्यासमोर धरला. मुले बसली होती तसे बावीस चौकोन त्यावर आखले होते. मी ज्या मुलाला प्रश्न विचारला, त्याच्या चौकोनात एक रेघ. पुढच्या ओळीतले तीन चौकोन रेघांनी काळे झाले होते. मधे कुठे एखादी रेघ. मागच्या कोपऱ्यातला एक चौकोन अगदी कोरा होता, आणि त्याच्यावरून बोट न हलवता मॅडमनी विचारले, "ही?"

"ती जरा अबोल आहे. पण म्हणते सगळ्यांबरोबर."

"म्हणती खरी. मी तिच्या शेजारीच बसले व्हते ना. ती फळ्याकडं बघत न्हाई, तुमच्याकडं बी न्हाई. शेजारणीच्या ओठांकडं बघती, आणि तसे आपले हलवती. अर्धा शब्द मागून."

बाई, मी खाली बघत राहिले. आता हे वहीत लिहिले जाईल, वर जाईल, सगळ्यांना कळेल की पहिली येणाऱ्या मुलीला शिकवता येत नाही, एवढेच माझ्या मनात होते. त्या कोऱ्या चौकोनातल्या मुलीचा विचार त्या वेळी माझ्या मनात आला नाही, हेही लिहून ठेवते. मॅडमना माझा चेहरा वाचता आला असावा. "घाबरू नका, मी शेरे लिहीत न्हाई," त्या म्हणाल्या. "लिहिले असते तर एव्हाना साहेब झाले असते."

मग त्यांनी मला एकच गोष्ट करायला सांगितली. प्रश्न विचारायचा, कोणालाही हात वर करू द्यायचा नाही, आपले हात पाठीमागे घेऊन पाच बोटे सावकाश मोजायची, आणि मगच एका मुलाचे नाव घ्यायचे. तेही मागच्या ओळीतल्या. नाव घेतल्यावर पुन्हा पाच बोटे. "करून दाखवा," त्या म्हणाल्या. मी विचारले, "इथे?" त्यांनी मावशींकडे बोट केले.

"मला? अवं, मी डाळ निवडतीया!"

"निवडा की. तोंड तर मोकळं है ना?"

मी लाजत विचारले, "मावशी, तीनशे पाचमधलं शून्य काढलं तर काय होईल?" आणि पाठीमागे बोटे मोजू लागले. दुसऱ्या बोटावर माझ्याच तोंडून उत्तर निघू लागले. मॅडमनी हात वर करून मला थांबवले. पुन्हा. पुन्हा दुसऱ्याच बोटावर मी अडखळले. तिसऱ्या खेपेला दात आवळून मी पाचव्या बोटापर्यंत पोहोचले. मावशींनी सुपातला खडा बाहेर टाकला आणि म्हणाल्या, "तीनशे पाच पोरांची खिचडी मांडली आन शून्य काढलं, तर पस्तीसच पोरं जेवतील की! बाकीच्यांनी काय ताटल्या वाजवायच्या?"

मॅडम हसल्या, हातातल्या बांगड्या वाजेपर्यंत हसल्या. "बघा. पाचव्या बोटाला सगळा हिशेब आला. दुसऱ्या बोटाला तुमचाच आवाज आला असता." मग हसू आवरून त्यांनी विचारले, "दोन बोटांवर तुमचा धीर सुटतो. कशाला भिता येवढं?"

त्यांनी पाच बोटे वाट बघितली, मग चहाचा कप विसळायला उठल्या. त्या प्रश्नाचे उत्तर मी इथे लिहिते आहे.

डिंगोरे गावाच्या अलीकडची आपली शाळा, माझे चौथीचे वर्ष. उद्या साहेब येणार आहेत. मी तुमच्या खोलीवर वाचायला नेलेले पुस्तक परत द्यायला आले आहे. तुमच्या स्वयंपाकघरात मला पाट मिळायचा, गूळ-शेंगदाणे मिळायचे, आणि तुमच्या ट्रंकेतले पुढचे पुस्तक मिळायचे. त्या घराबाहेर मला कोणाशी दोन वाक्ये धड बोलता येत नसत. तुम्ही चहा गाळत आहात, पण लक्ष कपाकडे नाही. ओट्यावर चहा सांडतो. तुम्ही म्हणता, "उद्या तू पहिल्या ओळीत बस. साहेबांनी काही विचारलं की तुझा हात वर पाहिजे. माझी भिस्त तुझ्यावर आहे." मोठी माणसेही भितात, हे मला त्या सांडलेल्या चहातून पहिल्यांदा कळले.

साहेब येण्याच्या दिवशी पुढे कोण बसायचे आणि मागे कोण, हे सगळ्या शाळांत ठरलेले असे; तुमच्यात काही वेगळे नव्हते. ज्यांना अगदीच येत नाही अशा दोघांना तुम्ही घरीच थांबायला सांगितले होते. सुरुवातीला लिहिले त्या मुलीलाही सांगायचे होते, पण ती आदल्या दिवशी कांदालागणीला गेल्यामुळे शाळेत नव्हती. तिला निरोप मिळाला नाही, म्हणून ती आली. डोक्याला तेल लावून, वेणी घालून, आणि मागच्या भिंतीशी बसली.

साहेब माझ्या वर केलेल्या हातावरून नजर पुढे नेतात आणि तिच्याकडे बोट करतात. "तू ऊठ. तीनशे पाचमधलं शून्य काढलं तर काय राहील?" ती उभी राहते. वर्गात कोणी हलत नाही. तुमच्या अंगठ्याखाली खडूचा भुगा होतो आहे, तो साडीवर पडतो आहे. मी मागे वळून तिच्याकडे बघते. तिची नजर छताकडे आहे, बोटे परकराच्या काठावर मोजत आहेत. आणि मग तिचे ओठ मिटतात. पस्तीस म्हणायला आधी ओठ मिटावे लागतात, बाई. ते मिटलेले मी पाहिले. तिला उत्तर आले होते. आणखी एक श्वास घेतला असता तर ती बोलली असती. मी तुमच्या अंगठ्याकडे पाहिले आणि ओरडले, "पस्तीस!"

साहेब म्हणाले, "शाब्बास." तुम्ही डोळे मिटून श्वास सोडलात. साहेब गेल्यावर तुम्ही तुमच्या पर्समधले हिरवे शाईपेन मला दिलेत, सगळ्यांसमोर, आणि तिला म्हणालात, "दगड आणून बसवलाय मागं. हिच्याकडं बघून तरी शीक." ती माझ्याकडे बघत राहिली. ती रागावली नव्हती, याचे मला आजही भय वाटते. तुम्ही सांगितले म्हणून ती खरोखर माझ्याकडे बघत होती. चौथीनंतर ती शाळेत आली नाही.

तिचे लग्न याच गावात झाले आहे. माझ्या वर्गातला कोरा चौकोन तिच्या मुलीचा आहे.

मी इथे रुजू झाले त्या दिवशीच तिने मला ओळखले आणि पदर सावरून म्हणाली, "बाई, आमी येकाच शाळंत व्हतो. तुमी पुढं बसायच्या." आम्ही एका वयाच्या, एका सतरंजीवर बसलेल्या, तरी तिने मला 'अगं' म्हटले नाही, आणि म्हण असे मी सांगितले नाही. मॅडम येऊन गेल्या त्या दिवशी संध्याकाळी ती काठी घेऊन फाटकाशी उभी होती. मी मुलीचा विषय काढायच्या आधी तीच म्हणाली, "बाई, संक्रांत झाली की हिला आळ्याला माझ्या भनीकडं धाडती. तिचं बाळ लहान है, सांभाळाया कोन नाय."

"आणि शाळा?"

"डोक्यात जात नाय वं तिच्या. माझ्यावर गेलीय. मी बी अशीच दगड व्हते, तुमाला म्हाईत नाय का?" आणि ती हसली. मुलगी तिच्या काठीचे टोक धरून उभी होती आणि आईचे ओठ हसताना बघत होती.

मला त्या वेळी बोलायला हवे होते. मी म्हणाले, "अंधार पडायच्या आत जा."

पुढच्या सोमवारी, मॅडम नसताना, मी पहिल्यांदा करून पाहिले. प्रश्न विचारला, हात पाठीमागे घेतले, पाच बोटे मोजली आणि तिचे नाव घेतले. ती दचकून उठली. एक बोट, दोन बोटे, तीन. तेवढ्यात पुढच्या ओळीतली माझी सर्वांत हुशार मुलगी, जाड भिंगांचा चष्मा लावणारी, मधल्या सुट्टीत एकटी वाचत बसणारी, मोठ्याने उत्तर सांगून मोकळी झाली. आणि बाई, माझ्या तोंडून निघाले, "शाब्बास!" शब्द निघून गेला आणि मग मला ऐकू आला. मागची मुलगी न सांगता खाली बसली. पुढची माझ्याकडे बघत होती. तिला पेन हवे असावे तशी. तिला मी काय रागावणार? तिसऱ्या बोटाला पुढे आलेला माझा अंगठा खडूवर फिरताना तिने पाहिला होता.

संध्याकाळी आई फाटकाशी आली ती घाबरलेली. "बाई, आज हिचं नाव घेतलंत म्हनं. काय चुकलं का हिचं?" नाव घेतले म्हणजे काही तरी चुकले, हे त्या घरात दोन पिढ्यांना माहीत आहे. मी मॅडमना फोन करून सगळे सांगितले, शाब्बासकीसकट. त्या रागावतील असे वाटले होते. त्या म्हणाल्या, "चष्मेवालीला पन काम द्या की. तिला सांगा, तू बोटं मोज माझ्याबरोबर. गुरुवारी येते मी."

म्हणजे काल. मॅडमची भीती आता कमी झाली होती. भीती होती ती मुलगी उभी राहील आणि काहीच बोलणार नाही याची, आणि मग तिची आई खरी ठरेल याची. संक्रांतीला महिनाच उरला आहे. काल मॅडम त्याच कोपऱ्यात बसल्या. मी चष्मेवालीला माझ्याजवळ उभे केले, तिच्या हातांत माझा डावा हात दिला आणि सांगितले, "बोटं तू मोजायची. पण तोंड मिटून." मग विचारले, "तीनशे पाचमधलं शून्य काढलं तर काय होईल?" तिने माझे पहिले बोट दाबले, दुसरे दाबले. त्या दिवशीचा साहेबांचाच प्रश्न, बाई. पाचही बोटे झाल्यावर मी मागच्या मुलीचे नाव घेतले. ती उठली. चष्मेवालीने पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली. बाहेर तबकडी वळत होती आणि एकही मूल तिकडे बघत नव्हते. पाच झाली. मुलगी शेजारणीकडे वळली. शेजारणीचे ओठ मिटलेले होते, तिथे बघण्यासारखे काही नव्हते. चष्मेवालीने माझ्याकडे पाहिले आणि सहाव्या बोटासाठी माझा अंगठा पुन्हा धरला. नवव्या की दहाव्या बोटाला मागून आवाज आला. इतका बारीक, की मी तो पूर्वी कधी ऐकलेला नव्हता.

"तीन आन पाच जवळ येतील."

मी शाब्बास म्हणाले नाही. विचारले, "मग?"

"मग ल्हान व्हईल. तीनशे नाय ऱ्हानार." आणि जरा थांबून, "पस्तीस."

मॅडमनी मान वर केली नाही. त्या कागदावर रेघ ओढत होत्या. चष्मेवाली माझ्या हाताला गच्च धरून होती, आणि आमच्यापैकी कोणाचा हात ओला होता ते मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी मी स्वतः फाटकाशी गेले. मुलीच्या आईला सगळे सांगितले. तिने नीट ऐकून घेतले, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई झाक झालं. पन येक उत्तर आलं म्हून काय दगडाला पालवी फुटती का, बाई? तुमी जीव लावताय, तुमची माया है. भनीला शब्द दिलाय." मुलगी ऐकत होती. 'दगड' म्हटल्यावर तिने मान खाली घातली, आणि मला कळले की फळ्यावर मी कितीही प्रश्न विचारले, कितीही बोटे मोजली, तरी तो शब्द तिच्या घरातून निघणार नाही. तो आमच्या वर्गातून तिथे गेला आहे, आणि तो खोटा होता हे आता जिवंत असलेल्या एकाच माणसाला ठाऊक आहे.

म्हणून आज पहाटे उठून हे लिहिते आहे, तुमच्याच पेनाने. मला तुमच्याविरुद्ध काही म्हणायचे नाही. तुमच्या मागे भिंतीला टेकून कोणी कधी बसले नाही, कागदावर चौकोन आखून कोणी तुम्हाला दाखवले नाहीत, तुमच्याबरोबर कोणी बोटे मोजली नाहीत. तुम्ही एकट्या भीत होता आणि तुमच्या हाताशी मी होते. मी तुम्हाला वाचवले असे मला तेव्हा वाटले. पण मी केवळ तुमच्यासाठी ओरडले नाही. तिचे ओठ मिटलेले दिसले तेव्हा मला दुसरेही काही वाटले होते: ती बोलली, तर पहिल्या ओळीत मी एकटी उरणार नाही.

हे पत्र टाचणवहीत राहील. तुमचा पत्ता आता कोणापाशीच नाही. पण याच्या आधी, याच टेबलाशी बसून, मी तिच्या फोनवर चार ओळी लिहिल्या. तिला जोडून वाचता येते, म्हणून शब्द लहान घेतले. 'त्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा उत्तर तुला आलं होतं. मी बघितलं होतं आणि मुद्दाम आधी बोलले. तू दगड नव्हतीस, तुझी लेकही नाही. तिला पाठवू नकोस, आणि मला बाई म्हणू नकोस.' तो शब्द तुम्ही दिलात आणि तुम्ही चुकलात, हे मात्र मी त्यात लिहिले नाही. तेवढी भित्री मी अजून आहे.

त्या चार ओळी पाठवल्या: शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५, पहाटे पाच वाजून बेचाळीस मिनिटे.